गच्चीवरची इयत्ता पाचवी

ती राहायला आली तेव्हा तिच्याकडे सामान कमी आणि शैक्षणिक साहित्य जास्त होतं. टेम्पोतून एक बॅग उतरली, एक गादीची वळकटी उतरली, आणि मग पुठ्ठ्याचं घड्याळ, कापसाचे ढग चिकटवलेला तक्ता, गुंडाळलेले नकाशे, दोऱ्याला लटकलेले ग्रह असं काही ना काही उतरतच राहिलं. शेवटी टेम्पोवाल्याने थर्माकोलचं एक भलंमोठं हृदय खांद्यावर घेतलं आणि जिन्याच्या वळणावर कठड्याला आपटून त्याचा डावा कप्पा तोडला.

"बाई, हे तुटलं," तो म्हणाला, जणू काही ते आपोआप तुटलं होतं.

"असू दे भाऊ, चिकटवता येईल," ती म्हणाली. वर "तुम्हाला लागलं नाही ना?" हेही विचारलं.

तेव्हाच मी आमच्या हिला म्हटलं, ही पोरगी शिक्षिका होणार असेल तर मी पहिलवान होणार आहे. जी टेम्पोवाल्याला रागावू शकत नाही ती वर्गाला काय रागावणार?

हे सगळं मला खिडकीतून दिसलं. मी मुद्दाम बघत नव्हतो. विम्याची कामं मी घरूनच करतो आणि माझं टेबल खिडकीपाशी आहे, त्याला माझा इलाज नाही. ते टेबल आधी आतल्या भिंतीशी होतं असं आमची ही सगळ्यांना सांगत असते, पण तिच्या बोलण्याकडे फार लक्ष देऊ नये. मी तरी देत नाही.

मालकीणबाईंनी तिला गच्चीवरची खोली दिली होती. खोली म्हणजे पाण्याच्या टाकीला एकटं वाटू नये म्हणून शेजारी उभ्या केलेल्या चार भिंती. दार नीट लागत नाही, यालाच मालकीणबाई 'हवेशीर' म्हणतात. ही पोरगी आत गेली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "छान आहे." मालकीणबाई गेली कित्येक वर्षं ती खोली भाड्याने देत होत्या, पण हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. त्यांना वाटलं, पोरगी टोमणा मारतेय.

संध्याकाळी आमची ही आणि मालकीणबाई चहाचं निमित्त करून वर गेल्या. मी मागोमाग गेलो. चहा सांडू नये म्हणून.

"लग्न?" मालकीणबाईंनी सुरुवात केली.

"अजून नाही."

"नोकरी?"

"ती पण अजून नाही. त्यासाठीच आलेय."

"मग आहे तरी काय?"

"बी.एड. आहे," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली. हे हसणं आमच्या हिला आवडलं, आणि तिला एखादं माणूस आवडलं की मग त्या माणसाचं काही खरं नसतं.

दुसऱ्या दिवशीपासून जिन्यात तिचं नाव 'भावी बाई' पडलं. कोणी पाडलं ते विचारू नका. फलकावर 'भावी' लावून फिरणारी माणसं आपण बघतोच, त्यातली निम्मी तर मरेपर्यंत भावीच राहतात.

तिची गोष्ट साधी होती. घरी थोरला भाऊ, त्याचं रंगांचं आणि खिळ्या-बिजागऱ्यांचं दुकान. दुकान जोरात चालत होतं आणि दादाला गल्ल्यावर विश्वासाचं माणूस हवं होतं. विश्वासाचं म्हणजे बिनपगारी. तिने पदवी घेतली, बी.एड. केलं, तोवर दादा गप्प बसला. मग म्हणाला, "आपल्या गावात शाळांत जागा नाहीत, तिकडे शहरात शोध. सुट्टी संपेपर्यंत शोध. शाळा सुरू झाल्या आणि तुझं जमलेलं नसलं, तर मी टेम्पो घेऊन येतो. मग तक्रार नाही करायची." तिने कबूल केलं. म्हणजे सगळा खेळ त्या सुट्टीचा होता. शाळेत लागली तर बाई, नाहीतर जन्मभर एक इंची खिळे अर्धा किलो.

"आणि दुकानात बसायला काय वाईट आहे गं?" मी मुद्दाम विचारलं.

"काही वाईट नाही काका. पण गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारत नाही. मुलं विचारतात."

मी चहाचा आणखी एक घोट घेतला.

आता शाळांच्या भरतीची इकडची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. बाई निवडायची तर तिला शिकवताना बघायला हवं, हे शाळावाल्यांना कळतं. पण भरती असते सुट्टीत आणि सुट्टीत मुलं नसतात. मग तोडगा असा, की उमेदवाराने नमुना पाठ घ्यायचा आणि मुलं म्हणून बाकांवर बसायचं ते संस्थेच्या अध्यक्षांनी, मुख्याध्यापिकांनी आणि त्या दिवशी हाताला लागतील त्या शिक्षकांनी. सगळे पन्नाशीचे, आणि सगळ्यांनी इयत्ता पाचवी असल्याचं सोंग आणायचं. इतकी वर्षं मुलांनी जे छळलं, त्याचा सूड उगवायची संधी शिक्षकांना वर्षातून ही एकदाच मिळते, आणि ते ती वाया घालवत नाहीत.

पहिल्या शाळेत एका मिशाळ मास्तरांनी बाकावर बुक्क्या मारून करंगळी वर केली. "बाई, मला जायचंय! बाई, मला जायचंय!"

"हो सर, या ना सर," भावी बाई म्हणाल्या. "माफ करा सर, मला इथलं माहीत नाही. डावीकडे आहे का?"

शेरा मिळाला, 'वर्गावर नियंत्रण नाही.'

दुसऱ्या शाळेत पाठ चालू असताना मागच्या बाकावरच्या मुख्याध्यापिका झोपल्या. सोंग म्हणून झोपल्या की खरंच, हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही. आमच्या बाईंनी काय करावं? त्यांची झोप मोडू नये म्हणून आपला आवाज कमी केला! पुढचा सगळा पाठ कुजबुजत घेतला. शेरा मिळाला, 'आवाज पोचत नाही.'

हे तिने आम्हाला जिन्यात उभं राहून सांगितलं, तेव्हा आमची ही कठड्याला धरून खाली बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग डोळे पुसून म्हणाली, "अगं, तुझं शिकवणं वाईट नाही. तुला मोठ्या माणसांची भीती वाटते, एवढंच."

"मोठीच असतात ना पण, काकू. अध्यक्ष असतात. त्यांना काय बोलणार?"

"पाचवीतला अध्यक्ष!" मी म्हटलं. "असं कर, आम्ही बसतो. रोज संध्याकाळी गच्चीवर. आम्हाला पाचवीची मुलं समज आणि शिकव. आमच्यावर हात साफ झाला की जगात कुठल्याही अध्यक्षाला भिणार नाहीस."

कल्पना माझी होती. आमची ही ती आपली म्हणून सांगते, ते वेगळं.

तर दुसऱ्या दिवसापासून टाकीशेजारी पाचवीचा वर्ग भरला. पटावर चार मुलं. मी, आमची ही, मालकीणबाई आणि तळमजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क. हेडक्लार्कांनी घडीची खुर्ची आणली आणि बसायच्या आधीच विचारलं, "माझा हजेरी क्रमांक कोणता?" मालकीणबाई रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसल्या आणि आधीच जाहीर केलं, "मी लहान मूल वगैरे होणार नाही. मी मालकीण म्हणूनच बसेन."

विषय होता 'तरंगणे आणि बुडणे'. बादलीभर पाणी, एक बटाटा, एक लिंबू, खिळा, मेणबत्ती, चमचा आणि वाटी. भावी बाई बादलीपाशी उभ्या राहिल्या, पदराशी चाळा केला आणि म्हणाल्या, "नमस्कार काका, नमस्कार काकू. आपली हरकत नसेल तर सुरू करू का?"

"काकू कोण इथे?" आमची ही ओरडली. "मी पाचवीत आहे. आणि अभ्यासात कच्ची आहे."

"बरं, तर मुलांनो... म्हणजे आपण सर्वांनी..."

"बाई, याने मला चिमटा काढला," ही म्हणाली. मी काढला नव्हता. मग म्हटलं आरोप आलाच आहे तर काढून घ्यावा.

पहिले काही दिवस नुसता गोंधळ. मालकीणबाई पाठ चालू असताना समोरच्या इमारतीत कोणाकडे कोण आलं ते सांगत राहायच्या. हेडक्लार्क प्रत्येक वाक्यानंतर हात वर करून दुरुस्ती सुचवायचे. "'बटाटा बुडतो' नको, 'सदर बटाटा बुडाल्याचे आढळते' असं हवं." आणि मी, हुशार पण वांड विद्यार्थी, भूमिकेत शिरून ऐन पाठात फोन घ्यायचो. खरंच गिऱ्हाइकांचे फोन यायचे, खोटं कशाला बोलू. "हां, बोला साहेब, तुमची पॉलिसी ना..." मी टाकीला टेकून मोठमोठ्याने बोलत राहायचो आणि भावी बाई हातात बटाटा धरून, चेहऱ्यावर हसू ठेवून माझं बोलणं संपायची वाट बघायच्या.

शेवटी आमच्या हिचं डोकं फिरलं. "अगं, काढून घे त्याचा फोन! इतकी वर्षं मी वाट बघतेय कोणीतरी काढून घेईल म्हणून."

भावी बाई माझ्यापर्यंत आल्या. हात पुढे केला. "काका... फोन देता का? प्लीज?"

"नाही देत," मी म्हटलं.

"काका नाही म्हणायचं," ही म्हणाली. "अरे म्हण त्याला. वर्गात पोराला कोणी अहोजाहो करतं का?"

"काकू, मला नाही जमणार ते."

"मग खिळे विक."

भावी बाईंनी डोळे घट्ट मिटले, लहान मूल कडू औषध घेताना मिटतं तसे, आणि म्हणाल्या, "अरे काका, फोन दे."

मी इतका हसलो की टाकीचा नळ माझ्या पाठीत रुतला. पण फोन दिला. तिने तो आपल्या साहित्याच्या कापडी पिशवीत टाकला आणि बादलीकडे परत गेली. त्यानंतरची दहा-पंधरा वाक्यं तिने न अडखळता म्हटली, हे मी हसण्याच्या नादात ऐकलं नाही. हिने ऐकलं.

मग नियमच पडला. तासाला फोन वाजला की पिशवीत. तास संपला की जिन्याच्या दारात परत. हळूहळू डोळे उघडे ठेवून मागायला लागली. मग मागायचीही बंद झाली, नुसता हात पुढे. हेडक्लार्कांना एकदा मधेच दुरुस्ती सुचवल्याबद्दल टाकीकडे तोंड करून उभं केलं. सरकारी नोकरीत उभ्या जन्मात कोणी त्यांना उभं केलं नव्हतं. ते तसेच उभे राहिले आणि तिथून त्यांनी टाकीला गळती असल्याचं शोधून काढलं. मालकीणबाईंना तर तिने सरळ सांगितलं, "मालकीण खाली घरात. इथे पाचवी. गप्पा बंद."

मालकीणबाई ताडकन उठल्या आणि निघून गेल्या. आम्हाला वाटलं, खोली गेली हातची. दोन संध्याकाळी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी डबा घेऊन हजर. म्हणाल्या, "खोलीचं नंतर बघू. तो खिळा बुडतो आणि एवढं मोठं लोखंडाचं जहाज बुडत नाही, ते का, हे त्या दिवशी अर्धंच राहिलं. मला झोप लागत नाहीये."

इतकं सगळं झालं तरी बाहेर तिचं भिजलेलं मांजर व्हायचं ते व्हायचंच. दूधवाल्याने पाणी घातलं तरी 'असू दे भाऊ'. गच्चीवर वाघीण आणि जिना उतरला की मांजर. आणि सुट्टी तर संपत आली होती. दादाने रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणून कळवून टाकलं. मधल्या काळात आणखी एका शाळेने 'अनुभव नाही' म्हणून दारातूनच परत पाठवलं. नोकरी नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही. हे वाक्य ज्याने शोधलं त्याला तरी नोकरी मिळाली असावी.

राहिली एकच शाळा. मोठी, दगडी कुंपणाची, आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. शुक्रवारी सकाळी ती पिशवीत बटाटा आणि लिंबू घेऊन गेली. मी खिडकीत बसलो होतो. कामच होतं.

दुपारी परत आली ती जिना चढतानाच कळलं. एकेका पायरीवर थांबत होती. आम्ही दोघंही दारात गेलो.

"संपलं काका," ती म्हणाली. "मी अध्यक्षांना अरे म्हटलं."

आमच्या हिने तोंडावर हात ठेवला. "नुसतं अरे?"

"नाही. 'अरे, फोन दे इकडे.' असं."

मग सगळं कळलं. अध्यक्षसाहेब पहिल्या बाकावर बसले होते, गुडघे हनुवटीला लागलेले. बाजूला मुख्याध्यापिका, ज्यांना त्या शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणतात. मागे तीनचार शिक्षक. आधीच्या उमेदवारांच्या पाठातही साहेबांचा फोन वाजत होता आणि साहेब तो घेत होते. सगळे उमेदवार थांबून, हसून, "सावकाश बोला सर" म्हणत होते. मग भावी बाईंचा पाठ रंगात आला. खिळा बुडाला, मेणबत्ती तरंगली, आणि तिने विचारलं, "आता सांगा, लोखंडाचा खिळा बुडतो, मग लोखंडाचं जहाज का बुडत नाही?" तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. साहेब तिथेच सुरू झाले, "हां, बोल, ट्रक पोचला का?"

"मला कळलंच नाही काकू, मी काय करतेय ते. मी त्यांच्यापाशी गेले, हात पुढे केला, म्हटलं, अरे, फोन दे इकडे, तास संपल्यावर मिळेल. आणि त्यांनी दिला. त्यांनाही कळलं नसणार. मी पिशवीत टाकला."

"मग?"

"मग एक सर घाईघाईने म्हणाले, ठीक आहे, थांबा, आम्ही कळवू. मी सामान गोळा केलं आणि पळत सुटले."

"बरं केलंस," मी म्हटलं. मला खरोखरच अभिमान वाटत होता. तिने ज्याचा फोन पहिल्यांदा जप्त केला ती हस्ती मीच ना. ती वर गेली आणि आम्हाला नकाशे गुंडाळल्याचा आवाज ऐकू यायला लागला.

थोड्या वेळाने वरून दुसराच आवाज आला. फोनचा. तिच्या फोनची घंटी जिन्यातल्या सगळ्यांना पाठ होती. ही ती नव्हती. आम्ही वर धावलो. ती खोलीच्या मधोमध उभी होती आणि साहित्याची पिशवी कोपऱ्यात वाजत होती.

"काका," ती म्हणाली, "मी द्यायला विसरले."

मी पिशवीत हात घातला. लिंबू, चमचा, वाटी, आणि तिच्याखाली कितीतरी मोठा, चकचकीत फोन. त्यावर नाव झळकत होतं, 'मोठ्या बाई'.

"उचलू नका!" ती ओरडली. म्हणजे मी उचलणारच.

"हॅलो?"

"कोण बोलतंय?" पलीकडून करडा आवाज. "हा आमच्या अध्यक्षांचा फोन आहे. तुमच्याकडे कसा?"

"वर्गात बोलत होते, म्हणून जप्त झालाय," मी म्हटलं.

पलीकडे कोणीतरी खोकल्यासारखं झालं. तो खोकला बराच वेळ चालला. मग करडा आवाज म्हणाला, "घेऊन या. लगेच."

निघालो. ती पुढे, तिच्या मागे आमची ही, हिच्या मागे मी. तळमजल्यावर हेडक्लार्कांनी अडवलं. सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे सल्ला दिला, "परत करताना पोच घ्या." रस्ताभर ती एकच वाक्य घोकत होती, "सर, माझी चूक झाली, हा आपला फोन." ही तिला म्हणाली, "एवढं घोकण्यासारखं काय आहे त्यात? चोरलाय का तू?" त्यावर ती रडायलाच लागली. आमच्या हिचं सांत्वन हे असं असतं.

शाळेत तोच वर्ग. फळ्यावर तिच्याच अक्षरात 'तरंगणे आणि बुडणे' अजून तसंच होतं. अध्यक्षसाहेब खिडकीशी येरझाऱ्या घालत होते. फोनशिवाय हातांचं काय करायचं हे त्यांना समजत नव्हतं, म्हणून ते हात एकदा खिशात घालत होते, एकदा पाठीमागे नेत होते. मोठ्या बाई टेबलाशी बसल्या होत्या. लहानखुऱ्या, पिकलेल्या केसांच्या, आणि चेहरा असा की आत काय चाललंय ते आईलाही कळू नये.

"या," साहेब म्हणाले. "आधी फोन."

तिने पिशवीतून फोन काढला. साहेबांनी हात पुढे केला. मी मागून बघत होतो. एवढं करायचं होतं, की फोन त्या हातावर ठेवायचा, माफी मागायची, घरी जायचं आणि रविवारी टेम्पोत बसायचं. सगळं सोपं होतं. घोकलेलंही होतं.

"सर, माझी चूक झाली," ती म्हणाली. आवाज जिन्याखालचाच होता, मांजराचा. "मी तुम्हाला अरे म्हणायला नको होतं. पण सर... तास संपल्यावर देईन असं मी म्हटलं होतं. तास संपला नाही. मधेच थांबवला. थोडाच राहिलाय. तेवढा घेते आणि मग देते."

"काय?" साहेब म्हणाले.

"तेवढा घेते," ती म्हणाली. आणि फोन पुन्हा पिशवीत टाकला.

माझ्या हिने माझा दंड असा आवळला की तिची नखं आठवडाभर दिसत होती. साहेबांनी मोठ्या बाईंकडे बघितलं. मोठ्या बाई उठल्या, शांतपणे पहिल्या बाकावर जाऊन बसल्या, आणि दोन्ही हात घडी घालून ठेवले. पाचवीतल्या मुलीसारखे.

एकटं उभं राहायला कोणालाच आवडत नाही. साहेब बसले. गुडघे हनुवटीला लागले.

"तुम्ही दोघं कोण?" साहेब आमच्यावर घसरले.

"पाचवीच, साहेब," मी म्हटलं. "दुसऱ्या शाळेतली." आणि आम्ही शेवटच्या बाकावर बसलो.

तिने बादली भरून आणली. चमचा आणि वाटी हातात धरली. "दोन्ही कशाची?"

"स्टीलची," साहेब म्हणाले, नाइलाजाने.

"वजन कशाचं जास्त?"

"वाटीचं. उघड आहे."

"मग आधी काय बुडेल?"

"वाटी!" मी मागून ओरडलो.

"हात वर न करता कोण बोललं?" ती म्हणाली, आणि मी गप्प बसलो. साहेबांनी वळून माझ्याकडे तुच्छतेने बघितलं, हुशार मुलं ढ मुलांकडे बघतात तसं.

तिने चमचा सोडला. तळाशी गेला. वाटी सोडली. वाटी डौलात तरंगत राहिली. साहेब जरा पुढे झुकले. तेवढ्यात पिशवीत फोन वाजला.

साहेबांची मान पिशवीकडे वळली. तिने साहेबांकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं, गच्चीवर माझ्याकडे बघते तसं. फोन वाजत राहिला, वाजत राहिला आणि थांबला. साहेबांची मान परत बादलीकडे आली.

"पण का?" ते म्हणाले. मग आठवण झाली, आणि त्यांनी हात वर केला. "का तरंगते?"

"आता तूच तिला खाली दाब. हाताने."

साहेबांनी बाही मागे सारली आणि वाटी दाबली.

"काय वाटतं हाताला?"

"पाणी वर ढकलतंय."

"वाटी पसरट, पोकळ. ती खूप पाण्याला बाजूला सारते, म्हणून तेवढ्याच जोराने पाणी तिला वर ढकलतं. चमचा थोडंसंच पाणी सारतो. जहाज म्हणजे मोठी वाटी. आता तिच्यात पाणी भर."

साहेबांनी ओंजळीने पाणी भरलं. वाटी वाकडी झाली आणि बुडाली. "अरेच्चा," साहेब म्हणाले. त्यांच्या बाहीतून कोपरापर्यंत पाणी ओघळत होतं.

"तास संपला," ती म्हणाली, पिशवीतून फोन काढला, आपल्या पदराला पुसला, आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. "हा घ्या, सर."

मोठ्या बाई बाकावरून उठल्या. "सोमवारपासून या," त्या म्हणाल्या.

"मी अजून काही ठरवलेलं नाही," साहेब म्हणाले.

"साहेब, मघाशी फोन वाजला होता. तुमच्या ट्रकचा असेल."

साहेबांनी फोन बघितला, चेहरा पाडला आणि "हां, बोल, कुठे अडकला?" म्हणत बाहेर गेले. मोठ्या संस्थांमध्ये निर्णय कसे होतात याबद्दल मला लहानपणापासून कुतूहल होतं, ते त्या दिवशी शमलं. दार बंद झाल्यावर मोठ्या बाई तिला म्हणाल्या, "गेली कित्येक वर्षं सभेत मी त्या फोनकडे बघत बसलेय. माझी कधी हिंमत झाली नाही." मग लगेच चेहरा पहिल्यासारखा करडा केला. "पण पालकांना अरे म्हणू नका."

घरी येताना ही तिला म्हणाली, "अगं, पक्की की तात्पुरती, ते विचारलंस का?" तिने विचारलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. हिने स्वतःही विचारलं नव्हतं, पण दोष आम्हा दोघांचा निघाला.

तात्पुरती होती. एका वर्षाची. सोमवारी रुजू होताना कळलं. तोवर रविवार उलटून गेला होता आणि दादा टेम्पो न आणता हात हलवत येऊन तिचं तुटकं हृदय आणि आमची टाकी बघून गेला होता. तात्पुरतीचं तिने त्याला सोमवारी फोनवर सांगितलं, जिन्यात उभं राहून, कारण खोलीत तिच्या फोनला रेंज नसते. मी तिथेच होतो. दिवा बदलत होतो.

"वर्षाची?" दादा इतक्या मोठ्याने म्हणाला, की मलाही ऐकू आलं. "म्हणजे वर्षाने पुन्हा हेच? मग त्यापेक्षा आत्ताच..."

"वर्षानंतरचं वर्षानंतर बघू, दादा. मला उद्याची तयारी करायची आहे. ठेवते," ती म्हणाली, आणि ठेवला.